यंत्र विकताना

ते कोष्टक आधी मीट, तादेय.
दिवसाला दोनशे कप, हे तुला कुणी सांगितलं?
डोंगरावरून बोरा सुटतो ना जानेवारीत,
तेव्हा त्रिएस्तेत माणसं भिंत धरून चालतात,
आणि भिंत धरलेला माणूस
कॉफीसाठी हात सोडत नाही.
असे दिवस मी एका हिवाळ्यात मोजले : एकोणीस.
एकोणिसांचंही भाडं द्यावं लागलं.
वारा घरमालकाच्या ओळखीचा नसतो.

जागा बघायला सकाळी जाऊ नकोस,
सकाळी सगळ्याच गल्ल्या गोड बोलतात.
मंगळवारी दुपारी साडेतीनला जा, समोर उभा राहा,
आणि कितीजण दाराशी किंचित हळू होतात
ते बघ. जाणारे मोजू नकोस, हळू होणारे मोज.
मग तळघरात उतर, मोरीत नाक घाल.
सगळे छताकडे बघतात, झुंबर कुठे लावायचं म्हणून.
माझं पहिलं दुकान मोरीतून बुडालं.

तू मारिबोरचा. कुणी ‘नेरो’ मागितलं
आणि तू ‘म्हणजे?’ विचारलंस, की गेलं गिऱ्हाईक.
‘कापो इन बी’ काचेच्या छोट्या ग्लासातच.
कपात दिलीस तर पितील,
पण उद्या शेजारच्याकडे पितील.

दारू ठेवावी का, विचारतोस.
नफा तिच्यातच आहे, खोटं कशाला बोलू.
कॉफीवाला सात मिनिटांत उठतो,
दारूवाला बसतो,
आणि मालकालाही बसवून घेतो.
रात्रीच्या स्प्रित्झची कल्पना लिव्हिओची.
बार चालला.
लिव्हिओ चालेनासा झाला.
असो.

वर्षभराच्या भाड्याची गंगाजळी आहे?
नसेल तर दुसऱ्याकडे दोन वर्षं कपबशा विसळ,
त्याच्या पैशानं चूक.

आणि ती कोपऱ्यातली खुर्ची.
सिन्योरा फुल्व्हिया. रोज एक नेरो, दोन तास.
एका उन्हाळ्यात मी तुझ्यासारखाच हिशेब मांडला :
खुर्ची दिवसाला इतके युरो खाते.
काढून आत ठेवली.
ती आली. रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं,
उभ्यानंच प्यायली, नाणी मोजून ठेवली,
बशीत चमचा नीट सरळ केला.
पुन्हा आली नाही.
दुसऱ्याच दिवशी मी खुर्ची जागेवर आणली,
अकरा वर्षं तशीच आहे, लोक बसतातही.
हे तुझ्या कोष्टकात कुठल्या रकान्यात जाईल,
सांग, शिकलेला आहेस.
मला कधी बसवता आलं नाही.

हं, यंत्र.
एकोणनव्वदचं. दोन तोंडं, डावं गळतं.
रबर दर सहा महिन्यांनी बदल. नाहीतर
चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.
दुरुस्तीवाला मिर्को गुरुवारी मासे धरायला जातो,
म्हणून ते गुरुवारीच बिघडतं.
रात्री पुसताना त्याच्याशी बोलू नकोस,
सवय लागते.

किंमत?
आधी एक नेरो कर माझ्यासाठी.
हात का कापतोय? इथे गिऱ्हाईक नाहीये,
एक म्हातारी आहे, तिला आज घाई नाही.
दाब. अजून. आता सोड.
सोड म्हणाले ना.

जळली.
अरे, ओततोस कुठे, दे इकडे.
चाळीस वर्षं दुसऱ्यांना करून दिली,
मला कुणी करून दिलेली
ही… जाऊ दे, मोजत नाही.

वाईट आहे. फार वाईट आहे.
साखर नको.

आता दुसरी कर.
डाव्या बाजूनं.
गळतं, ठाऊक आहे मला.