मूळ निदान

मुहर्रकच्या नेत्रविभागात सतरा वर्षं
मी माणसांच्या बाहुलीत बत्ती मारते.
बाहुली आकसते. मी लिहिते: आकसते.
नाही आकसली तर लिहिते: नाही.
याच्यापलीकडे मला कुणी काही विचारत नाही,
पगारही तेवढ्याचाच.

इद्रीस होडेकर, हर्णैचा, वय बावन्न.
दोन्ही डोळ्यांच्या शिरा सुकलेल्या, अकरा वर्षं.
फाईल माझ्याच अक्षरात.
दर सहा महिन्यांनी यायचा पुतण्याचा खांदा धरून,
कागदावर शिक्का घ्यायला,
बोटांना गंजाचा वास.
अंगठ्याने मोजत मोजत तो गरगूर विणायचा,
मासे धरायचे तारेचे घुमट,
माणूस आत बसेल एवढाले,
आणि बाजार म्हणायचा, आंधळ्याच्या घुमटाला
एक फट सापडायची नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी
तो एकटा आला.
दारातल्या बादलीला वळसा घालून आला.

बत्ती मारली.
आकसली.
दुसरी. आकसली.
बत्ती बदलली, सेल बदलले,
खोली बदलली, डॉक्टर बदलले.
तक्त्याची शेवटची ओळ, मला चष्म्याने जेमतेम लागते ती,
तो वाचत गेला अडखळत,
पण इंग्रजीशी अडखळत, दिसण्याशी नाही.

कसं झालं?
"मला काय ठाऊक, बाई. तार सुलटी करत होतो.
फजरची बांग झाली. मांडीवर हात दिसले,
म्हटलं, हे कुणा म्हाताऱ्याचे?"

मग आम्ही शोधायला बसलो. चूक.
होडेकर दोन असतील. नव्हते.
सोंग असेल. तारवाल्या दुकानदाराला बोलावलं.
"दोनदा मी त्याची नोट बदलली, त्याला कळलं नाही,"
असं सांगून तो स्वतःच ओशाळला.
मशिन बिघडलं असेल. कंपनीचा माणूस दुबईहून आला,
पुसून, ठोकून म्हणाला, मशिन निरोगी आहे.
शेवटी मोठ्या डॉक्टरांनी वाक्य दिलं
आणि मी ते टाईप केलं:
मूळ निदान सदोष असावे.
सगळ्यांचा श्वास सुटला. चहा आला.

इथले म्हातारे सांगतात, मोत्यांच्या दिवसांत
खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोडे झरे होते.
पाणबुडे पखाल घेऊन उतरायचे,
तिचं तोंड झऱ्यावर दाबून धरायचे,
आणि वर येऊन, खाऱ्या लाटांवर हेलकावत,
गोडं पाणी प्यायचे.
हे मी पहिल्याच दिवशी मानलं.
फाईल मागितली नाही.

मग हे का नाही?

खरं सांगू?
माझे अण्णा गुहागरला असेच विझत गेले,
आधी उजवा, मग डावा.
मी तेव्हा शिकत होते, डोळेच.
एकवीस सोमवार मीठ सोडलं,
कुणाकुणाच्या पाया पडले, आता नावंही आठवत नाहीत.
शेवटी शेवटी अण्णा माझ्या आवाजाचा माग काढत
भिंतीशी बोलायचे.
ज्याने तिथे यायला हवं होतं
तो इथे, समुद्रापार, एका तार विणणाऱ्याकडे
न बोलावता आला,
आणि त्याच्या कागदावर मी सही करू?

परवा बाजारात इद्रीस दिसला.
अर्ध्या घुमटासमोर बसलेला, डोळे मिटून.
काळजात चर्र झालं,
आणि खोटं कशाला बोलू, त्या चर्रच्या आत
थोडं हायसंही.
"गेली का पुन्हा?"
त्याने डोळे उघडले, हसला.
"उघड्या डोळ्यांनी विणता येत नाही, बाई. फट राहते."
मग माझ्याकडे बघत राहिला,
मी लोकांकडे बघते तसा, जवळून, घाई न करता.
"तुम्ही अशा होय," म्हणाला.
"आवाजावरून मला वाटलेलं..."
आणि पुढचं गिळून तार ओढायला लागला.

ऊन थेट तोंडावर होतं.
माझ्या बाहुल्या आकसल्या असणार.
आकसतात त्या.
निरोगी आहेत.