शेऱ्याचा रकाना

आमच्या गेटजवळ, मीटरपेटीच्या खिळ्याला
सुतळीने एक वही टांगलेली असते.
दोनशे पानी, वरून दुधाच्या पिशवीचं कव्हर,
आत चार रकाने : तारीख, वेळ, सही, शेरा.
रात्री बीटचा शिपाई येतो,
मोटारसायकल चालूच ठेवून सही करतो, जातो.
शेरा : निरंक.

एकतीस वर्षं मी वॉर्ड ऑफिसात जन्ममृत्यू नोंदले.
‘निरंक’ हा मीच हजारदा लिहिलेला शब्द.
त्याच्या पोटात काय काय झोपतं, मला ठाऊक आहे.

म्हणून एका पहाटे पेन्सिलीने लिहिलं :
‘पंपाजवळचा दिवा नऊ दिवस बंद.’
सही केली नाही. भीती नव्हे, सवय.
अर्जाखाली नाव आलं
की अर्ज आपल्याच मागे लागतो.

दुसऱ्या दिवशी खाली निळी शाई :
‘वॉर्डला कळवले. भोये. २.४०.’
त्या दिवशी दिवा लागला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.
शनिवारी शिडी आली.

मग काय, इमारतीला वाचाच फुटली.
डायस अंकलनी लिहिलं, कुरियरच्या नावाने कुणी ओटीपी मागतंय.
वरच्या मजल्यावरून कुणीतरी, मुद्दाम डाव्या हाताने :
‘२०४ मध्ये रात्री भांडी पडतात.
भांडी नसतात ती.’
याला शाईचं उत्तर आलं नाही. सकाळी ते पानच नव्हतं.
दुपारी साड्या नेसलेल्या दोन बायका
हळदीकुंकवाला आल्यासारख्या २०४ मध्ये जाऊन आल्या,
पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या.
एवढंच मला माहीत. एवढंच असू दे.

मी धीट झाले. या वेळी पेनने :
‘मागच्या जिन्यावर चार पोरं रात्री एकपर्यंत बसतात.
अनोळखी. बंदोबस्त व्हावा.’
व्हावा! किती गुळगुळीत क्रियापद,
आपला हात न लावता
कुणाला तरी उचलायला सांगणारं.

उत्तर रकान्यात मावलं नव्हतं, समासात उतरलं होतं :
‘भेटलो. सोनकांबळेंचा धाकटा, त्याचे दोन मित्र,
आणि वडापावच्या गाडीवरचा इरफान.
भरतीचा अभ्यास करतात. घरी जागा नाही.
पंपाचा दिवा त्या जिन्यावर पडतो.
दिव्याबद्दल आपणच लिहिले होते, अक्षर तेच आहे.
अनोळखी आता मला तरी नाहीत.’

मी खोडरबर घेऊन खाली गेले.
शाई होती.

लहानपणी घास गिळला नाही की आई म्हणायची,
तो बघ, पोलीस आला.
साठ वर्षं तो घास तसाच अडकलेला.
दुसऱ्या रविवारी चौकीत रहिवाशांची बैठक असते,
पाटी रोज वाचायचे, पायरी कधी चढले नव्हते.
चढले. खुर्च्या वीस, माणसं पाच,
पंखा फक्त साहेबांच्या डोक्यावर.
भोये मला उंच वाटला होता, सहीवरून.
निघाला किडकिडीत, सुरगाण्याकडचा, जागरणाने डोळे तांबडे.
म्हणाला, ‘बाई, तुम्ही काहीही लिहा.
कोरी वही बघितली की मला वाटतं,
या बिल्डिंगीत कुणी राहतच नाही.’

जूनमध्ये त्याची बदली झाली. नायगावला, की कुठे,
कुणालाच नीट सांगता आलं नाही.
नवी सही आली. शिंगाडे. महिला शिपाई असावी,
अक्षर घाईत, वेळ ३.१०,
शेरा : निरंक.

मी वही गुडघ्यावर घेतली.
पंपाचा दिवा पुन्हा लुकलुकत होता,
जिन्यावरून कुणीतरी मोठ्याने कलमं पाठ करत होतं
आणि एक कलम चुकत होतं.
लिहिलं :
‘निरंक नाही. सवडीने बोलू.
सुहासिनी मिराशी, खोली १०७.
बेल बिघडली आहे, दार वाजवा.’