दोन्ही टोकांना नाळ

बोटीला एका टोकाला नाळ असते, दुसऱ्याला पाठ.
कॉर्डेलियाला पाठच नव्हती.
धक्क्याला लागली की ती वळायची नाही.
कप्तान किल्ल्यांचा जुडगा घेऊन
या टोकाच्या खोलीतून त्या टोकाच्या खोलीत जायचा
आणि मागचं पुढं व्हायचं.

लुइस ते न्यू जर्सी, सतरा मैल. परत सतरा.
अकरा वर्षं मी तिच्या पोटात कॉफी विकली.
डेलावेअरचं पाणी तपकिरी, आमच्या खाडीसारखंच,
फक्त जानेवारीत त्यावर बर्फाची साय धरायची
आणि ती फाडताना पत्रा असा करवादायचा
की कपातल्या कॉफीवर वर्तुळं उठत.

एकदा ट्रकभर मधमाश्या नेल्या. त्या फेरीला
कुणी खिडकीला हात लावला नाही.
एकदा शववाहिका आली. ड्रायव्हरनं विचारलं,
मागच्याचं तिकीट घ्यायचं का?
ऑर्विल बरिस म्हणाला, तिकीट माणसाचं असतं
किंवा गाडीचं. हा आता दोन्हीत बसत नाही.

बाकांखाली नऊशे लाइफ जॅकेटं.
दर सोमवारी ऑर्विल ती मोजायचा, चौतीस वर्षं.
एकदाही कुणाला घालावी लागली नाहीत.
याला तो नशीब म्हणत नसे. काम म्हणायचा.

मग तिला निवृत्त केली.
इंजिनं उपसली, तारा ओढल्या, तेल खरवडलं,
मासा साफ करतात तसं, पोटापासून.
काचा काढल्या. दारं काढली,
पुढं कुणी पाणबुड्या आत अडकू नये म्हणून.
मग बाजूंना चौकोन कापले, खडूनं आखून,
समुद्राला आत यायला.
"मी हिला कधी भोक पडू दिलं नाही,"
एवढंच बोलला ऑर्विल, आणि सँडविच खात बसला.

बुडायला चाळीस मिनिटं लागली.
दोन्हीकडे नाळ, त्यामुळे
कुठून जायचं ते तिचंही ठरेना.
शेवटी न्यू जर्सीचं टोक आधी गेलं.
आम्ही लुइसवाले उगाच खूश झालो.

परवा ऑर्विलच्या नातीनं, ती तिथं बुड्या मारते,
आम्हाला व्हिडिओ दाखवला.
गाड्यांच्या पिवळ्या रेघांवर शिनाणी बसलीत,
रेघ न पाळता. हेकरूच्या जातीचे काळे मासे
मधल्या रांगेत उभे, तोंडं एकाच दिशेला,
आता रॅम्प पडेल, मग निघू, असे.
खुर्चीत बसल्या बसल्या ऑर्विलचा हात वर गेला.
दोन बोटं: ये, ये, अजून ये, थांब.

मग माझा काउंटर आला.
गल्ल्याचा खण उघडाच राहिलेला,
आणि क्वार्टरच्या कप्प्यात एक पिटुकला खेकडा,
नांगी पुढं करून.
माझ्या तोंडून निघून गेलं, मराठीतच,
सुट्टे नाहीत.