अडतीस टक्के

अडतीसवर असतानाच गेला.
टुंग नाही, लाल रेघ नाही.
लॉट एकशे बारा, हिरवा, सावळजचा माल,
वजन घालायचं राहिलं
आणि काळ्या पडद्यात माझाच चेहरा, चष्म्यासकट.

भूपालअण्णा म्हणाले, बंद करून चालू करा.
बंदच आहे, अण्णा.
मग चालू करा.

गेल्या सीझनपासून असंच चाललंय.
तासगावच्या सौद्यात प्रत्येक जण डॉक्टर:
एकदा पार शून्यावर आणा, हिशेब जुळेल तिचा.
रात्रभर लावून ठेवा.
रात्रभर अजिबात लावू नका.
भाच्यानं उजेड कमी केला, ब्लूटूथ बंद केलं,
मी खाली बाटलीची चार बुचं लावली, वारा लागावा म्हणून.
अकरा मिनिटांची तेरा झाली.
दोन दिवसांनी पुन्हा अकरा.

अकरा मिनिटांत
दलाल मूठभर बेदाणा उचलतो, दोन चावतो,
उरलेला खाली टाकतो,
चहा येतो, कप परत जातात.
गेलेली लाइट काही येत नाही.

शेवटी सांगलीला नेला,
एसटीत मांडीवर, टॉवेलात गुंडाळून.
विश्रामबागेत जिन्याखाली इर्शाद मुजावरचं दुकान.
त्यानं बटणाला हातच लावला नाही.
काचेवर ठेवून एका कोपऱ्यावर बोट टेकवलं.
लॅपटॉप डुगडुगला.
कधीपासून?
मला वाटायचं, आमचं टेबलच तिरकं आहे.

दहा स्क्रू निघाले, अकरावा आधीच कुठे तरी पडलेला.
आत बॅटरी फुगली होती,
नीट न शिवलेल्या उशीसारखी,
तिनंच खालून माऊसची पट्टी उचलून धरलेली.
आणि पंख्याच्या पात्यात
एक बेदाणा.
इर्शादनं चिमट्यानं काढून माझ्या तळहातावर ठेवला.
हसलो दोघं.

बसमध्ये येताना तोच विचार:
द्राक्ष जुनं झालं की आकसतं,
ही जुनी झाली तर फुगली.

तो सांगत होता,
नवी होती तेव्हा सत्तेचाळीस हजार मावायचं, आता नऊ.
आणि नऊ उरलेत हे तिला कळत नाही,
म्हणून अडतीस दाखवते.
खोटं नाही बोलत, मॅडम.
तिला तसंच वाटतं.

मग टोचायची नाही, दाबायची नाही, कचऱ्यात तर नाहीच, म्हणत
त्यानं ती रंगाच्या डब्यात वाळूवर निजवली.
डब्यात आधीच्या तीन होत्या.

नवी?
या कंपनीची आता येत नाही. दुसरीची बावीसशे.
तीन महिन्यांची हमी,
पण नुसती दुकानात पडूनही म्हातारी होते ती.
अण्णांना फोन लावला.
अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत,
म्हणजे बोललेच.

तर आता बॅटरीशिवाय चालतो,
भिंतीला धरून.
वायर कुणाच्या पायात आली की संपलं.
अकरा मिनिटंसुद्धा नाहीत.

म्हणून प्रत्येक ओळीला सेव्ह.
लॉट, सेव्ह. गाव, सेव्ह. वजन, सेव्ह.
कान्याची कळ आधीच पुसलेली होती,
इतकी गावं, इतके पाटील, पवार, माळी,
आता कोपऱ्यातलीही गुळगुळीत होईल.

परवा घरी यांच्याशी वाद झाला, गॅसच्या पैशांवरून.
मी एक वाक्य बोलले
आणि डाव्या हाताची करंगळी नि अनामिका
ओट्यावर एकदम टेकली.
दुसरं बोलले. पुन्हा टेकली.
हे बघत राहिले माझ्या हाताकडे.
काय करतेस?

काही नाही, म्हटलं.
आणि तेही ठेवलं.