तिकिटाच्या खिडकीतून

रेल्वे बंद पडली तेव्हा मी सहावीत होते.
आता त्याच स्टेशनच्या गोदामात आमचे हंडे,
ताकुआरेंबोच्या रस्त्यापासून आत, जिथे
माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, आणि मेंढ्यांपेक्षा वारा.
तिकिटाच्या खिडकीत मी बसते, वही घेऊन.
पलीकडे दोरिला चुलीत निलगिरीची लाकडं सारते,
झुल्मा हंड्यात लोकर सोडते. ढवळत नाही.
काठीने उचलते, खाली ठेवते,
झोपेतल्या लेकराला कुशीवर वळवावं तशी.
घुसळली की लोकर थापली जाते,
मग ती कोणाच्याच कामाची नाही.

मंगळवारी पार्सल आलं.
खोकं ओळखीचं, आमचंच. फक्त चिकटपट्टी परकी.
एकवीस लडी समुद्र ओलांडून गेल्या होत्या,
एकवीस परतल्या. सोबत चिठ्ठी,
शाळेतल्या बाईंच्या मुलीने वाचून दाखवली:
निळा निळ्याला जुळत नाही.

माझ्या जुळ्या तरी कुठे जुळतात एकमेकींना,
दोरिला म्हणाली.
आम्ही हसलो. मार्लेने हसली नाही.
तिचा सिलिंडर संपून आठवडा झालाय.

प्रत्येक लडीला एक कागद बांधलेला असतो,
त्यावर रंगवणारीची सही.
घेणाऱ्यांना आवडते म्हणे, सही.
एकवीसच्या एकवीस सह्या झुल्माच्या.

तारीख मी वहीत शोधली. चोवीस ऑगस्ट.
आठवला तो दिवस. दक्षिणेचा वारा फटीतून शीळ घालत होता,
हंडा उकळीला आलेला, आणि तिचा फोन वाजला.
ती बाहेर गेली, पार रुळांपर्यंत, गवतात.
किती वेळ? वहीत तसला रकाना नाही.
परत आली, काठी हातात घेतली,
दिवसभर कोणाशी बोलली नाही.
तोवर निम्म्या लडी खोल गेल्या होत्या,
निम्म्या वरच राहिलेल्या, फिक्या.

तेव्हा कोणी विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही.

मार्लेने म्हणाली, नियम काय म्हणतो?
नियम मीच लिहिलाय, पहिल्या पानावर, सुवाच्य:
सही जिची तिची, तोटा सगळ्यांचा.
लिहिताना सोपा वाटला होता.
भागाकार केला. बारा जणी.
मार्लेनेच्या वाट्याला अर्धा सिलिंडर आला.
ती बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली.
लिही, म्हणाली,
आणि येर्बाचा तुंबा झुल्माच्या हाती दिला:
आधी तू पी, निवतंय.

खोक्याच्या तळाशी एक लड निराळी.
कोणीतरी विणून उसवलेली,
धागा अजून टाक्यांच्या वळणात, कुरळा,
घर सुटलं तरी सवय सुटू नये तसा.
झुल्माने नखाने वळणं मोजली.
बेचाळीस. बाही असावी, म्हणाली,
मोठ्या माणसाची. मनगटाकडून निघाली होती,
कोपराशी आली, आणि तिथे
त्या बाईला दोन निळे दिसले.

तिने ती भिजवली, तारेवर टांगली, खाली दगड बांधला.
दोन दिवसांनी धागा सरळ झाला.
म्हणजे, जवळजवळ.

शुक्रवारी ती खिडकीशी आली.
ही एक माझ्या नावावर लिही.
मी म्हटलं, कोणत्या भावाने?
तीच हसली. आमच्यात दोन भाव नाहीत.
एकच आहे, रास्त,
बाहेरच्या दुकानांत पाटीवर ठळक छापतात तो.
त्या भावात तिचा दीड दिवस जातो.
तिने नोटा मोजल्या, कमानीखालून सरकवल्या,
इथून एकेकाळी लोक
माँतेव्हिदेओचं तिकीट काढायचे तशा.

मी लिहिलं. विकणार: झुल्मा. घेणार: झुल्मा.
रंग: निळा.
पुढे नंबर घालायचा असतो.
तिथे पेन थांबलं.

तारीख घाल, ती म्हणाली.