काळ, काम, वेग

फळ्यावर गणित लिहिलंय:
आठ मजूर एक भिंत पंधरा दिवसांत बांधतात,
तर बारा मजूर किती दिवसांत?
अडावदजवळची शाळा. सातवी ब. डोक्यावर पत्रा.
हात वर होतात. दहा, बाई, दहा!
बरोबर.
एक हात अजून वरच. नगिना तडवीचा.
बाई, त्यासले रोज कितला भेटस?

पुस्तकात ते दिलेलं नाही.
पुस्तकातले मजूर डबा आणत नाहीत,
त्यांच्या पोरांना ताप येत नाही,
भिंत संपली की ते पुढच्या उदाहरणात जातात
आणि हौद भरू लागतात.
मी म्हटलं, ते गणिताला लागत नाही.
म्हणताना माझ्याच तोंडून
संस्थेचे अध्यक्ष बोलल्यासारखे वाटले.

माझा हिशेब सांगते. कुणी विचारलेला नाही.
चौदा वर्षं झाली.
पहिली आठ विनाअनुदानित, म्हणजे विनाच.
मग वीस टक्के आले, मग चाळीस.
त्यातला संस्थेचा वाटा पाकिटात,
पाकीट गाइडच्या पानांत,
गाइड टेबलाच्या पलीकडे, उघडून न बघता.
महसुली तिकिटावर मी सही करते
ज्या आकड्याखाली,
तो आकडा मला रस्त्यात भेटला
तर ओळख देणार नाही.

रविवारी योगराजच्या केळी ग्रुपवर वह्या लिहिते.
घडांचं वजन, दांड्याची कटती,
ट्रकचा नंबर, दिल्लीकडचा भाव.
नववीत दोनदा बसला होता योगराज.
हातचा विसरला म्हणून
अर्धा तास अंगठे धरायला लावले होते मी.
आता तो हातचा विसरत नाही.
संध्याकाळी पाचशेची नोट देतो, दोन्ही हातांनी,
मोजी ल्या, बाई, म्हणतो
आणि एकच नोट आहे हे लक्षात येऊन
आम्ही दोघंही दुसरीकडे बघतो.

बसस्टँडवर लोक बोलतात,
मास्तर लोकंसले काय कमी शे?
प्लॉट लेतस, व्याजानं देतस.
खोटं नाही.
जिल्हा परिषदेच्या सरोदे सरांचे चोपड्यात तीन प्लॉट आहेत.
सरोदे सरांकडून आलेल्या पोराला
मला पाढे पुन्हा शिकवावे लागत नाहीत.
हेही खोटं नाही.
पगार वाढवावा का, असं विचारलं
की मी आधी विचारते, कुणाचा?
आमच्या दोघांचा खडू एकाच दुकानातला,
धुळीनं त्यांनाही खोकला, मलाही.
त्यांचं औषधाचं बिल मंजूर होतं.

नणंद म्हणते,
चौदा वर्षं टिकलीस म्हणजे परवडतंय.
नसतं परवडत तर सोडलं असतंस.
या वाक्याचं उत्तर मला येत नाही.
तेही मी, गणिताची बाई.

सोमवारी नगिना वही घेऊन टेबलाशी आली.
रोज तिनं स्वतःच धरला होता, चारशे.
बापाला विचारून.
बारा मजूर, दहा दिवस: अठ्ठेचाळीस हजार.
शेजारी पुन्हा,
आठ मजूर, पंधरा दिवस: अठ्ठेचाळीस हजार.
बाई, कितीबी मानसं लावा,
भितडानी किंमत तितलीच ऱ्हास.

मी लाल पेन उघडलं.
‘पुस्तकाबाहेरचे’ असा शेरा मारतात अशा वेळी.
दहापैकी दहा दिले.
द्यायचं म्हटलं तर तेवढंच आहे माझ्याकडे,
आणि त्याला कटती नाही.

ती गेली नाही. वहीवर बोट ठेवून उभी.
मुकादमना हिस्सा ऱ्हास ना, बाई,
बाप म्हने, तो पहिले काढी ठेवना पडस.
तो कोन्त्या रकान्यात लिखू?

घंटा व्हायला अजून चार मिनिटं होती.