मानस

खाजनाच्या बांधाला एक लाकडी दार असतं.
आमच्या जुव्यात त्याला मानस म्हणतात.
तीस वर्षं मराठी शिकवताना
मी फळ्यावर लिहीत आले, मानस म्हणजे मन,
आणि मागच्या बाकावरून दर वर्षी कुणीतरी,
बाई, मनात कोळंबी सापडते का?

आता मी बाई नाही.
आता मी आर्सेनियोचं उजवं अंग.
कूस वळवते, चादर ओढते,
पेज भरवते, हनुवटी पुसते,
रात्री दोनला परत कूस.
झटका आला तेव्हा त्याची सगळी भाषा गेली,
एकच शब्द उरला: गे.
पाणी हवं, गे.
पाय दुखला, गे.
मी स्वयंपाकघरात नळ सोडून रडले,
तर भिंतीपलीकडून तेच, गे.

इगर्जीत जाणं मी सोडलं नव्हतं.
हे खोटं. सोडलं होतं.
पाद्री लुसियान घरी कम्युन्यांव घेऊन यायचे,
मला काही विचारायचे नाहीत.
एकदा जाता जाता परसातल्या भेंड्यांपाशी थांबले.
जून झाल्यात, म्हणाले.
काढू नका. बियाण्याला राहू द्या.

तेर्स मात्र चालू होता,
नुसत्या ओठांचा,
दळण संपल्यावरही फिरत राहणाऱ्या जात्यासारखा.
त्या मंगळवारी पहिला मिस्तेर:
बागेत तो एकटा जागा,
आणि सोबतीला आणलेले तिघे झोपलेले.
लहानपणापासून मला त्या तिघांचा राग.
त्या रात्री मी त्यांच्याच शेजारी
आडवी झाले.

जाग आली ती आवाजानं.
वाटलं, शेजारची क्विटेरिया आली.
आवाज आर्सेनियोचा होता,
पेटीच्या तळातून काढलेल्या कोटासारखा,
घड्या पडलेला, डांबरगोळ्यांच्या वासाचा.
नमान मोरिये म्हणत होता तो,
अख्खं, एक अक्षर न गाळता,
आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून.
माझ्या हातून सुटलेली माळ
त्याच्या डाव्या मुठीत.
मोजत नव्हता.
त्या एका दशकात तीसेक झाले असतील.

मी म्हटलं, आर्सेन, पाणी देऊ?
तो थांबला. शोधलं त्याने, खूप शोधलं.
गे, म्हणाला.

डॉक्टर पुढे म्हणाले, असं होतं.
पाठ असलेलं मेंदूत दुसरीकडे राहतं,
चमत्कार समजू नका.
मी मान हलवली.
दुसरीकडे म्हणजे कुठे, ते विचारलं नाही.

पण त्या पहाटे मला घरात बसवेना.
क्विटेरियाला उठवून त्याच्यापाशी ठेवलं
आणि बांधावर गेले.
बोस्त्यांव मानशीवर जाळं लावून बसला होता,
कंदील पायाशी, विडी विझलेली.
दार कोण उघडतं रे? मी विचारलं,
जन्म या बेटावर काढून.
तो माझ्याकडे बघत राहिला.
कोण उघडणार, बाय?
ओहोटीला नदी खाली जाते,
आतलं पाणी दाराला टेकतं, उघडतं ते.
भरती आली की मिटतं.
घाई करून ओढलं तर बिजागरी जाते, एवढंच.

बराच वेळ दार नुसतं थरथरत होतं.
मग बोटभर फट.
मग त्या फटीतून
शेतात कोंडलेलं, कुजट, गढूळ पाणी
आवाज न करता निघालं,
आणि कंदिलाच्या उजेडात
जाळ्यात काहीतरी उडालं.
मी रडले की नाही, आठवत नाही.
बोस्त्यांवने मूठभर कोळंबी पानात बांधून दिली.

दिवस तेच आहेत. पेज, कूस, हनुवटी.
पाठ अजून दुखते.
परसात चार भेंड्या ठेवल्यात, हलवलं की वाजतात.
रविवारी कधी जाते, कधी नाही जमत.
मंगळवारी, पहिल्याच मिस्तेराशी
माझे डोळे मिटायला लागतात.
माळ त्याच्या मुठीत देते
आणि मिटू देते.
कुणीतरी जागं आहे.